काळ्या मातीतली माणसं : जुन्या स्प्रिंट कार शर्यती आणि परत न आलेले ड्रायव्हर

काळी_माती (डे मॉइन, आयोवा)

आमच्या घरापासून तासाभराच्या आत नॉक्सव्हिल नावाचं गाव आहे. टेनेसीतलं मोठं शहर नव्हे, आयोवातलं छोटं. वस्ती सात-आठ हजारांची. तिथल्या जत्रेच्या मैदानात अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक आहे आणि ऑगस्टमध्ये 'नॉक्सव्हिल नॅशनल्स'साठी गावाच्या कितीतरी पट माणसं तिथं लोटतात. १९६१ पासून चालू आहे हे. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत (इंडी ५००) आपल्यापैकी बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते, स्प्रिंट कार मात्र आपल्या लोकांत कुणाला ठाऊक नसते. मलाही नव्हती. शेजारच्या आजोबांनी नेलं म्हणून कळली.

गाडी कशी असते ते आधी सांगतो. ड्रायव्हर धरून जेमतेम साडेसहाशे किलो वजन आणि ताकद सुमारे नऊशे अश्वशक्तीची. डोक्यावर पाच फूट बाय पाच फुटांचा पंख, नाकावर एक लहान पंख. उजवं मागचं चाक डाव्यापेक्षा मोठं, कारण वळायचं ते फक्त डावीकडे. स्टार्टर नाही, क्लच नाही, आपण म्हणतो तसा गिअरबॉक्स नाही. मागून ट्रक ढकलतो तेव्हा ती चालू होते. वळणावर गाडी आडवी घालून, पुढची चाकं उलटी उजवीकडे ठेवून, मागच्या चाकांनी माती उपसत ती पुढं जाते. अर्ध्या मैलाची फेरी पंधरा सेकंदांच्या आसपास. आणि माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्यासारखी काळीभोर, ओली असली की चिकट. पहिल्या वर्षी मी खाली, कुंपणाजवळ बसलो होतो. घरी येऊन केस धुतले तर न्हाणीघरातून गावी पेरणीच्या दिवसांत यायचा तोच वास आला.

हा धागा काढतोय तो मात्र गाड्यांसाठी नाही. आजोबांबरोबर बसलं की दर दोन शर्यतींच्या मधे ते कुणाचं तरी नाव घेतात. त्यातलं एक नाव गेली तीन वर्षं माझ्या मनातून जात नाही. केनी ग्रिट्झ. नेब्रास्कातल्या लिंकनचा. १९६९ साली त्यानं नॅशनल्स जिंकली. या खेळात याहून मोठा मान नाही. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, आपल्याच गावच्या, लिंकनच्या जत्रेतल्या शर्यतीत तो गेला. आजोबा तेव्हा विशीत होते. ऑगस्टमध्ये त्याला जिंकताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, सप्टेंबरमध्ये रेडिओवर बातमी ऐकली. "गोठ्यात होतो. दूध काढणं अर्धवट टाकून बाहेर आलो," एवढंच म्हणाले. मी पुढं काही विचारलं नाही.

ज्यांना या लोकांबद्दल माहीत असेल त्यांनी लिहा. मराठीत कुठंतरी ही नावं असावीत असं मला मनापासून वाटतं.

---

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

सुंदर लिहिलंय. आमचा लेथचा धंदा, त्यामुळं पहिला प्रश्न इंजिनाचाच. स्टार्टर नाही म्हणजे बॅटरी पण नाही का? मग ठिणगी कुठनं? आणि इंधन कुठलं?

---

काळी_माती

उद्यमनगरकर, बॅटरी नाही. मॅग्नेटो, म्हणजे फिरवला की ठिणगीपुरती वीज स्वतःच तयार करणारा. ट्रक ढकलायला लागला की ड्रायव्हर गाडी गिअरमध्ये ठेवतो, इंजिन फिरायला लागतं, तेलाच्या दाबाचा काटा वर आला की मॅग्नेटोचा खटका टाकतो आणि ती फुटते. 'चालू होते' हा शब्द त्या आवाजाला पुरा पडत नाही. इंजिन ४१० घनइंची व्ही-८, म्हणजे ६.७ लिटर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, इंधनाचं इंजेक्शन पूर्णपणे यांत्रिक. इंधन मिथेनॉल. मिथेनॉलची आग पाण्यानं विझते हा फायदा, पण दिवसाउजेडी तिची ज्वाळा जवळजवळ दिसतच नाही. माणूस जळत असतो आणि लांबून पाहणाऱ्याला कळत नाही.

---

मनीषा_पेन (मेकॅनिक्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया)

अरे, या विषयावर मराठी धागा! आमच्या इथं विल्यम्स ग्रोव्ह आहे, १९३९ पासूनचा ट्रॅक. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी वारा आमच्या बाजूला असला की मागच्या अंगणात इंजिनांचा आवाज येतो. माझा मुलगा त्या आवाजावर वाढलाय.

पेनसिल्व्हेनियाचं नाव निघालं की टॉमी हिनरशिट्झ यांचं नाव घ्यायलाच हवं. इथल्याच ओली नावाच्या गावचे शेतकरी. रविवारी शर्यत, सोमवारी शेत. पूर्वेकडच्या स्प्रिंट कार विभागाचं विजेतेपद सात वेळा. १९६० मध्ये थांबले आणि १९९९ पर्यंत जगले. त्या पिढीत म्हातारपण बघायला मिळणं हेसुद्धा मोठं होतं. कारण त्याच १९६० सालाकडे बघा. जूनमध्ये लँगहॉर्नला जिमी ब्रायन गेले, १९५८ च्या इंडी ५०० चे विजेते. सप्टेंबरमध्ये ॲलनटाउनच्या जत्रेत जॉनी थॉमसन गेले.

लँगहॉर्न म्हणजे फिलाडेल्फियाजवळचा एक मैलाचा ट्रॅक. त्याला सरळ बाजूच नव्हती. पूर्ण गोल, परातीसारखा. म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत गाडी आडवीच, हातांना क्षणाची उसंत नाही. १९५५ मध्ये माइक नझारुक तिथंच स्प्रिंट कारमध्ये गेले. आता तिथं दुकानं आहेत. मी एकदा मुद्दाम जाऊन आले. गाड्या लावायच्या जागेत उभी राहिले आणि काय करावं सुचेना, तशीच परत फिरले.

---

वाटसरू

लेख वाचला. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. इतकी माणसं मेल्यावर हा खेळ बंद का केला नाही? यात आठवण काढण्यासारखं काय आहे?

---

इंडीकर (इंडियानापोलिस)

वाटसरू, प्रश्न रास्त आहे. मी तो इथल्या लोकांना विचारलाय. माझं स्वतःचं मत असं की माणसं गेली त्याहून वाईट गोष्ट म्हणजे त्यातली बरीच वाचली असती.

१९६६ घ्या. जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रीडिंगला टेक्ससचे जड (Jud) लार्सन आणि रेड रीगल, दोघेही एकाच अपघातात गेले. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात ॲस्कट पार्कला डॉन ब्रॅन्सन आणि डिक ॲटकिन्स, पुन्हा दोघे एकाच अपघातात. ब्रॅन्सन ४६ वर्षांचे, दोनदा स्प्रिंट कारचं विजेतेपद मिळवलेले. ॲटकिन्स तरुण, काही आठवड्यांपूर्वीच सॅक्रामेंटोची शंभर मैलांची शर्यत जिंकून आलेला. एका हंगामात दोन रात्रींत चार माणसं.

या गाड्यांना तेव्हा ड्रायव्हरभोवतीचा नळ्यांचा पिंजरा, म्हणजे रोल केज, नव्हता. ड्रायव्हरचं डोकं, खांदे उघडे. गाडी उलटली की माती आणि लोखंड यांच्यामध्ये फक्त माणूस. रोल केज कसा करायचा हे लोकांना माहीत नव्हतं असं नाही. नळ्या वाकवून जोडणं काही अवघड काम नाही. पण पिंजऱ्यात बसणारा भित्रा, असं ड्रायव्हरच म्हणत, मालक म्हणत, प्रेक्षकही म्हणत. वजन वाढतं, गाडीतून झटकन बाहेर पडता येत नाही, ही कारणं वरवरची होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पिंजरा सगळीकडे सक्तीचा झाला आणि मग कुणी भित्रा म्हणेना. मला त्या मधल्या वर्षांचा राग येतो. ग्रिट्झ त्याच वर्षांतला.

---

उद्यमनगरकर

इंडीकर, हे वाचून हात थांबला. आमच्याकडं प्रेसवर हाताला गार्ड लावला की कामगार काढून ठेवतात, काम मंदावतं म्हणून. वडील म्हणायचे, गार्ड काढणाऱ्याला मी घरी पाठवीन, पण हात तुटलेला माणूस त्याच्या घरी पाठवणार नाही. तेवढं बोलणारा एक माणूस लागतो.

---

इंडीकर

अगदी तेच.

आणि पिंजरा आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. रिच व्होगलर. २१ जुलै १९९०, इंडियानातला सेलम स्पीडवे. हा मातीचा नाही, डांबरी, अर्धा मैल, भिंतीसारखी उंच वळणं. शर्यत टीव्हीवर थेट चालू होती. व्होगलर सगळ्यांच्या पुढं, शर्यत जवळजवळ संपलेली आणि तो भिंतीवर आदळला. तो गेला, आणि ती शर्यतही तोच जिंकला.

---

अनिरुद्ध_स

शेवटची फेरी पूर्ण करून मग अपघात झाला ना? म्हणून विजेता ठरला?

---

इंडीकर

नाही. अपघातामुळं लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली. तसं झालं की आधीच्या पूर्ण झालेल्या फेरीचा क्रम धरायचा असा नियम होता. त्या फेरीला तो पहिला होता. युसॅक या इथल्या शर्यत-संघटनेच्या राष्ट्रीय शर्यतींमधला तो त्याचा १७० वा विजय. चाळिसावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. त्याचे वडील डॉन व्होगलर यांचाही १९८१ मध्ये इंडियानापोलिसलाच मिजेट गाडीत (स्प्रिंट कारची लहान बहीण) मृत्यू झाला होता. त्यानंतरही मुलगा नऊ वर्षं गाडी चालवत राहिला. त्यांच्या घरातल्या बायकांनी ती नऊ वर्षं कशी काढली असतील ते मला सांगता येणार नाही.

सेलमनेच त्याआधी, १९५६ मध्ये, बॉब स्वाइकर्टला नेलं होतं. १९५५ साली इंडी ५००, राष्ट्रीय विजेतेपद आणि मिडवेस्टचं स्प्रिंट विजेतेपद, तिन्ही एकाच वर्षात मिळवणारा माणूस. इंडी जिंकलेल्या माणसाला अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर जायची काय गरज, असं आज वाटेल. पण तेव्हा ते वेगळे खेळ नव्हते. मारिओ आंद्रेत्ती, ए. जे. फॉइट, पार्नेली जोन्स, सगळे याच वाटेनं आले. शनिवार-रविवार जिथं शर्यत असेल तिथं जायचं, बक्षिसाचे पैसे खिशात घालायचे, रात्रभर गाडी हाकत पुढच्या गावाला. पोट त्यावर होतं.

---

शुभदा_नाशिक

मी सहसा वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझा मोठा भाऊ येझदीवर डर्ट ट्रॅकच्या शर्यती करायचा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शनिवारी रात्री ओसरीत गाडी उघडायचा, दिवे-आरसे काढायचा, मागचं स्प्रॉकेट बदलायचा आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची की माझ्या फरशीवर तेल सांडलं. एका मैदानावर पडला. मैदानाचं नाव लिहीत नाही. कडेला गवताच्या पेंढ्या ठेवायला हव्या होत्या तिथं नुसता दगडी बांध होता. तेवीस वर्षांचा होता.

वाटसरू, तुम्ही विचारलंत की आठवण काय काढायची. आमच्या घरात चाळीस वर्षं त्याचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतं, "नको त्या नादाला लागला." मला तो शनिवार रात्रीचा आठवतो. गुडघ्यावर बसलेला, तोंडात पाना धरलेला. त्याला इतकं आनंदात मी दुसऱ्या कुठल्याच वेळी पाहिलं नाही. कुणीतरी त्याचं नाव त्या आनंदासकट घ्यावं असं मला फार वाटतं. या आजोबांनी केनीचं घेतलं तसं.

---

वाटसरू

ताई, क्षमा करा. मी घाईनं लिहिलं.

---

मनीषा_पेन

शुभदाताई, तुमची पोस्ट वाचून थोडा वेळ बाजूला जाऊन बसले होते. भावाचं नाव लिहावंसं वाटलं तर लिहा. नाही लिहिलंत तरी आम्ही समजतो.

आमच्या इथल्या अलीकडच्या दोन आठवणी सांगते. क्रेमर विल्यमसन, गुलाबी गाडीचे. ६३ व्या वर्षी, २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच लिंकन स्पीडवेवरच्या अपघातानं गेले. चार दशकं गाडी चालवत होते आणि थांबायचं त्यांच्या मनात नव्हतं. दुसरे ग्रेग हॉडनेट. मूळचे टेनेसीचे, पण इथल्या लोकांनी त्यांना आपलंच मानलं. सप्टेंबर २०१८, गुरुवारची रात्र. शुक्रवारी सकाळी ऑफिसात आमच्या सुरक्षारक्षकाचे डोळे लाल होते. मी विचारलं तर त्यानं फक्त त्यांचं नाव सांगितलं. मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं तेव्हा. त्या दिवसापासून कळून घ्यायला लागले.

एक अवांतर. पूर्वीच्या काळी यांना 'स्प्रिंट कार' म्हणतच नसत, 'बिग कार' म्हणत. बिल शिंडलर त्या बिग कारच्या काळातले. १९३६ मध्ये अपघातात डावा पाय गेला आणि त्यानंतर सोळा वर्षं एका पायानं शर्यती केल्या, जिंकल्या. १९५२ मध्ये ॲलनटाउनलाच गेले. एका पायानं! मुलाला हे सांगितलं तर तो दिवसभर मला प्रश्न विचारत होता.

---

अनिरुद्ध_स

यान ऑपरमनबद्दल कुणी लिहा ना. कुठंतरी फोटो पाहिला होता, लांब केस, टोपी, साधूसारखा.

---

काळी_माती

अनिरुद्ध, आजोबांचा सगळ्यात आवडता ड्रायव्हर. जॅन ऑपरमन. नेब्रास्कातल्या बीव्हर क्रॉसिंग गावी राहायचा. त्या काळात शर्यतीतले लोक म्हणजे बारीक केस कापलेले, आणि हा खांद्यापर्यंत केस सोडून आला. १९७१ ची नॅशनल्स त्यानं जिंकली. आजोबा सांगतात, सुरुवातीला लोक त्याची हुर्यो करायचे, आणि तो शर्यतीनंतर गाडीच्या टपावर बसून पोरांशी गप्पा मारत राहायचा, शेवटचं पोरगं जाईपर्यंत.

१९७६ मध्ये इंडियानातल्या टेरे होटला त्यानं 'हलमन क्लासिक' ही शर्यत जिंकली, सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. मोठ्या नावाचा काळ आता सुरू होणार असं वाटत होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात 'हूझियर हंड्रेड' या शर्यतीत डोक्याला जबर मार बसला. त्यातून उठून पुन्हा गाडीत बसला, पण तो पूर्वीचा राहिला नव्हता. १९८१ मध्ये पुन्हा अपघात, पुन्हा डोकं. त्यानंतर १९९७ पर्यंत जगला, दुसऱ्यांच्या आधारानं. मृतांच्या यादीत त्याचं नाव नसतं. माझ्या मते असायला हवं. या खेळानं त्याला १९७६ मध्येच नेलं.

ज्यांचं वाचणंसुद्धा असं होतं ते आणखीही आहेत. ब्रॅड डोटी १९८८ मध्ये ओहायोतल्या एल्डोरा ट्रॅकवरच्या अपघातानं कायमचे चाकाच्या खुर्चीत बसले आणि पुढं याच शर्यतींचं समालोचन करू लागले. डग वुल्फगँग, पाच वेळा नॅशनल्स जिंकलेले, १९९२ मध्ये कॅन्सस सिटीला गाडीत अडकून भयंकर भाजले. जगले.

---

उद्यमनगरकर

पंख कधी आले? त्यानं धोका कमी झाला का वाढला?

---

इंडीकर

१९५८ मध्ये ओहायोतल्या कोलंबसला जिम कुशमननं पहिल्यांदा पंख लावला असं मानतात. पंख गाडीला खाली दाबतो, त्यामुळं चाकांची पकड वाढते आणि वळणावरचा वेग वाढतो. दुसरीकडे, गाडी उलटली तर पंख आधी चुरगळतो आणि धक्क्याचा काही भाग खातो. म्हणजे दोन्ही. १९७८ मध्ये टेड जॉन्सन यांनी 'वर्ल्ड ऑफ आउटलॉज' ही शर्यतमालिका काढल्यावर पंखवाल्यांचा देशभर दौरा सुरू झाला. स्टीव्ह किन्झर त्यातलेच, वीस विजेतेपदं आणि बारा नॅशनल्स. आमच्या इंडियानात मात्र बिनपंखी गाड्यांवर लोकांचा जीव.

आमचा ब्रायन क्लॉसनही इंडियानाचाच, नोबल्सव्हिलचा. २०१६ मध्ये त्यानं एका वर्षात दोनशे शर्यती करायचं ठरवलं होतं. त्याच वर्षी इंडी ५०० मध्ये तीन फेऱ्या सगळ्यांच्या पुढं होता. ऑगस्टमध्ये कॅन्ससमधल्या बेलव्हिलला मिजेट गाडीत अपघात झाला, दुसऱ्या दिवशी गेला. २७ वर्षांचा. अवयवदानाची नोंद केलेली होती, त्याच्या अवयवांवर पाच जण जगले. त्या आठवड्यात इथं किती जणांनी अवयवदानाचे अर्ज भरले ते मी माझ्या ऑफिसातच पाहिलं. मीही भरला.

---

काळी_माती

मला एका शर्यतीबद्दल लिहायचंच होतं, ती मी स्वतः पाहिली आहे.

लुइझियानाच्या जेसन जॉन्सननं २०१६ ची नॅशनल्स जिंकली, डॉनी शॅट्झला मागं टाकून. ४१ नंबरची गाडी. जून २०१८ मध्ये विस्कॉन्सिनातल्या बीव्हर डॅमला अपघात झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. मागं बायको आणि लहान मुलगा. बायकोनं संघ बंद केला नाही. २०१९ मध्ये त्याच ४१ नंबरच्या गाडीत डेव्हिड ग्रॅव्हल बसला.

ऑगस्ट २०१९, नॅशनल्सची शेवटची रात्र. सुरुवातीला गाड्या चार-चारच्या रांगेत येऊन प्रेक्षकांना मानवंदना देतात, तेव्हाच आजोबांनी माझा दंड धरला होता. पन्नास फेऱ्या. चाळिसाव्या फेरीनंतर कुणी खाली बसलं नाही. ४१ नंबर पहिला आला. मी आजूबाजूला पाहिलं तर दंडावर गोंदण केलेले, बिअरचे डबे हातात धरलेले धिप्पाड बाप्ये तोंडावर टोपी ओढून रडत होते. आजोबा रडले नाहीत. ट्रॅकच्या दुसऱ्या वळणाकडे, जिथं स्प्रिंट कारचं संग्रहालय आहे, तिकडं बघत उभे राहिले. त्या इमारतीत हॉल ऑफ फेम आहे, केनी ग्रिट्झच्या काळातली सगळी माणसं तिथं फोटोंत आहेत.

---

शुभदा_नाशिक

माझ्या भावाचं नाव विजय.

---

मनीषा_पेन

विजय. 🙏

---

उद्यमनगरकर

विजयदादा 🙏. उद्या वर्कशॉपात सांगतो सगळ्यांना.

---

काळी_माती

ताई, काल संध्याकाळी आजोबांकडं गेलो होतो. गुडघ्यांमुळं यंदा त्यांना स्टँडच्या पायऱ्या चढता येणार नाहीत, म्हणून मन लागत नव्हतं त्यांचं. हा धागा त्यांना इंग्रजीत करून सांगितला, तुमच्या पोस्टसकट. विजयचं नाव त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, नीट जमेपर्यंत. मग येझदी म्हणजे कसली गाडी ते विचारलं. जावाची बहीण म्हटल्यावर मान हलवली, जावा त्यांना माहीत होती.

कोल्हापुरातून मॅग्नेटोबद्दल विचारणा झाली हे कळल्यावर मात्र उठलेच. काठी घेऊन गॅरेजात गेले, फडताळातून फडक्यात गुंडाळलेला एक जुना मॅग्नेटो काढला. कुणाच्या गाडीतला ते सांगितलं नाही. तो मला व्हाइसमध्ये धरायला लावला, वायरचं टोक बॉडीपासून चिमूटभर अंतरावर ठेवलं, गॅरेजचा दिवा घालवला आणि दांडा झटक्यात फिरवला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा निळी ठिणगी पडली.

उद्यमनगरकर, फोटो काढायचा राहिला. शनिवारी पुन्हा जातोय, तेव्हा काढतो.